बॅटरीतल्या ‘पाण्यावर’ लिथियमचे भवितव्य

“लिथियमची बॅटरी आहे, निर्धास्त घ्या,” हे वाक्य हल्ली चेंबूर स्टेशनच्या बाजारापासून वाशी नाक्यापर्यंत कोणत्याही दुकानात कानी पडते. मोबाइल लिथियमचा, इमर्जन्सी दिवा लिथियमचा, नवा इन्व्हर्टरही लिथियमचा. घरोघरी जिन्नस पोचविण्याचे काम करणारी आमची मुले ज्या विजेच्या स्कूटरवर दिवसभर फिरतात, तिच्या सीटखालची बॅटरीही लिथियमचीच. रात्री ती बॅटरी काढून दहा बाय बाराच्या खोलीत आणली जाते आणि झोपलेल्या पोरांच्या उशाशी चार्जिंगला लागते.

वाचकहो, जी वस्तू आपण उशाशी घेऊन झोपतो तिच्या पोटात काय आहे, हे आपल्याला ठाऊक असावयास नको काय? म्हणूनच या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे. प्रारंभीच एक आश्चर्य सांगून टाकतो. मोबाइल आणि स्कूटरच्या या ‘लिथियम’ बॅटरीत लिथियम हा धातू, धातूच्या रूपात ठेवलेलाच नसतो. लिथियमचे क्षार असतात, लिथियमचे आयन असतात. पण चकाकणारा, चाकूने कापता येईल असा मऊ लिथियमचा पत्रा तिच्यात नसतो. खरे तर तो पत्रा घातला असता, तर तेवढ्याच वजनात बरीच अधिक वीज साठविता आली असती. मग कारखानदारांनी तो का घातला नाही? गेली पन्नास वर्षे जगभरचे शास्त्रज्ञ या एका प्रश्नामागे आहेत आणि त्यांचे बरेचसे उत्तर बॅटरीतल्या ‘पाण्यात’ दडले आहे.

बॅटरीत असते तरी काय?

रिक्षाची जुनी बॅटरी आपल्यापैकी अनेकांनी उघडी पाहिली असेल. शिशाच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये ॲसिड आणि अधूनमधून वरून घालावयाचे डिस्टिल्ड वॉटर. कोणत्याही बॅटरीची रचना मुळात अशीच असते. एक प्लसची बाजू, एक मायनसची बाजू आणि त्या दोहोंच्या मध्ये विद्युतभारित कणांची ने-आण करणारा द्रव. या द्रवाला शाळेच्या पुस्तकात विद्युत अपघटनी म्हणतात. कारागीर आणि शास्त्रज्ञ इलेक्ट्रोलाइट म्हणतात. आपण सोयीसाठी त्याला बॅटरीतले ‘पाणी’ म्हणू. मात्र लिथियमच्या बॅटरीत खऱ्या पाण्याचा थेंबही चालत नाही, कारण लिथियम पाण्याशी जोराने क्रिया करते आणि त्यातून पेटणारा हायड्रोजन वायू निघतो. म्हणून येथील द्रव खनिज तेलाच्या रसायनांतून बनविलेले असतात आणि त्यांत लिथियमचा एखादा क्षार विरघळविलेला असतो.

दोन्ही बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये प्लास्टिकचा एक सच्छिद्र पडदा असतो. तो माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. बॅटरी वापरताना लिथियमचे आयन मायनसच्या बाजूकडून निघून द्रवातून, पडद्याच्या छिद्रांतून, प्लसच्या बाजूला जातात. चार्जिंग करताना त्यांना परत आणले जाते. जाणे आणि येणे, एवढाच तिचा संसार.

लिथियम धातूचा मोह

लिथियम हा सर्व धातूंमध्ये हलका. एक घन सेंटिमीटर लिथियमचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे तो पाण्यावर तरंगेल. एक ग्रॅम लिथियम धातू सिद्धांताप्रमाणे ३८६० मिलिअँपिअर-तास इतका विद्युतभार देऊ शकतो. आजच्या बॅटरीत मायनसच्या बाजूला जे ग्रॅफाइट असते, म्हणजे आपल्या पेन्सिलीच्या शिशात असते त्याच जातीचा कार्बन, त्याचा आकडा ३७२ आहे. दसपटीहून अधिक फरक! प्रत्यक्ष बॅटरीत प्लसची बाजू, डबा, तारा यांचे वजन धरले की फायदा पुष्कळ कमी होतो. तरीही तो इतका राहतो की कोणत्याही इंजिनिअरच्या तोंडाला पाणी सुटावे.

घड्याळात, रिमोटमध्ये आणि गाडीच्या किल्लीत बसणारी नाण्यासारखी चपटी बॅटरी आठवा. तिच्यात मात्र खरोखरीच लिथियमचा पत्रा असतो आणि ती वर्षानुवर्षे सुखरूप चालते. ती चालते, कारण तिचा प्रवास एकतर्फी असतो. वापरली, संपली, टाकली. सगळी अडचण परतीच्या प्रवासात आहे. लिथियम धातू सोडून जाते तेव्हा फारशी तक्रार नसते. चार्जिंगच्या वेळी ते परत येऊन पत्र्यावर बसू लागते, तेव्हा गडबड सुरू होते.

कल्हई आणि काटे

पूर्वी वस्तीत कल्हईवाला येत असे. तांब्या-पितळेच्या भांड्याला तो कथील लावी. हात चांगला असला तर कल्हई आरशासारखी एकसारखी बसे. हात कच्चा असला तर कोठे ढेकूळ, कोठे उघडे पितळ. चार्जिंगच्या वेळी लिथियमच्या पत्र्यावर अशीच लिथियमची कल्हई चढते. ती एकसारखी चढली तर उत्तम. पण बहुधा तसे होत नाही. कोठे शेवाळासारखा भुसभुशीत थर वाढतो, कोठे सुईसारखे काटे उगवतात. या काट्यांना डेंड्राइट म्हणतात. काटा वाढत वाढत मधल्या पडद्यातून पलीकडे पोचला की प्लस-मायनस आतल्या आत जोडले जातात, बॅटरी तापते आणि द्रव ज्वलनशील असेल तर पेट घेते.

कल्हई एकसारखी का बसत नाही? येथेच द्रवाचा संबंध येतो. लिथियम इतके तडफदार आहे की ज्या द्रवात ते राहते, त्या द्रवालाच ते खाऊ लागते. द्रवाच्या संपर्कात येताच त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ पापुद्रा धरतो. इस्रायलचे शास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये या पापुद्र्याचे महत्त्व दाखवून दिले. हा पापुद्रा कसा आहे, त्यावर सारे अवलंबून.

घरातलेच उदाहरण घ्या. जर्मनचे पातेले आणि लोखंडी बादली. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. त्यावरही हवेत एक थर धरतो, पण तो घट्ट आणि सलग असतो, म्हणून आतला धातू सुरक्षित राहतो आणि पातेले वीस वर्षे टिकते. लोखंडावरचा गंज भुसभुशीत. तो पोपडे धरून गळतो, खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते, पुन्हा गंजते आणि एके दिवशी बादलीला भोक पडते. लिथियमला कोणता पापुद्रा मिळणार, जर्मनचा की गंजाचा? ते द्रवाची निवड ठरवते. पापुद्रा फाटका असेल तर जेथे फट तेथे आयनांची गर्दी होते आणि नेमका तेथेच काटा उगवतो. प्रत्येक वेळी नवा पापुद्रा बनविण्यात थोडे लिथियम आणि थोडा द्रव कायमचा खर्ची पडतो, तो तोटा वेगळाच. काही तुकडे पत्र्यापासून सुटून पापुद्र्यात गुरफटून पडतात. ते असून नसल्यासारखे. त्यांना ‘मृत लिथियम’ असेच म्हणतात.

अग्निशमन दलाने धमकी दिली

हा धडा जगाला महागात पडला. १९७० च्या दशकात अमेरिकेत एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूची चार्ज होणारी बॅटरी बनविली. प्लसच्या बाजूला टायटॅनियम डायसल्फाइड होते. तेलटंचाईचे दिवस होते आणि विजेच्या मोटारीचे स्वप्न दिसू लागले होते. पण चार्जिंगच्या फेऱ्यांत काटे उगवू लागले आणि प्रयोगशाळेत वारंवार आगी लागल्या. शेवटी अग्निशमन दलाने, लिथियमची आग विझविण्याच्या खास रसायनांचा खर्च आता तुम्हीच द्या, असे बजावल्याचे सांगतात. तेव्हा व्हिटिंगहॅम यांनी दोन बदल केले. लिथियममध्ये ॲल्युमिनियम मिसळले आणि मधला द्रव बदलला. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून उपाय शोधला गेला तो द्रवातच.

पुढे कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूच्या बॅटऱ्या बाजारात आणल्या. जपानमध्ये त्या मोबाइल फोनसाठी वापरल्या गेल्या. १९८९ मध्ये तेथे बॅटरीने पेट घेतल्याची घटना घडली, माल परत मागवावा लागला आणि कंपनी डबघाईला आली. जगाने लिथियम धातूचा नाद तेवढ्यापुरता सोडला.

त्या कंपनीत जेफ डान नावाचे एक तरुण शास्त्रज्ञ काम करीत होते. धातूचा पत्रा नको, त्याऐवजी आयनांना ग्रॅफाइटच्या थरांत घर देऊ, ही कल्पना तेव्हा चर्चेत होती. पण प्रॉपिलीन कार्बोनेट या नेहमीच्या द्रवात ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटून त्याचा भुगा होई. डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले की, त्याचाच जवळचा भाऊ असलेला एथिलीन कार्बोनेट वापरला तर पहिल्याच चार्जिंगमध्ये ग्रॅफाइटवर घट्ट पापुद्रा बसतो आणि ग्रॅफाइट टिकते. या दोन द्रवांच्या रेणूंत फरक केवढा? एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा. एवढ्याशा फरकाने एकात नाश आणि दुसऱ्यात दीर्घायुष्य! एथिलीन कार्बोनेटची अडचण एवढीच की तो सुमारे ३६ अंशांखाली गोठतो. म्हणून त्यात डायमिथाइल कार्बोनेटसारखे पातळ द्रव मिसळावे लागतात. आपल्या मोबाइलमधले ‘पाणी’ आजही याच कुळातले आहे.

सोनी कंपनीने १९९१ मध्ये कार्बनवाली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली होती. ग्रॅफाइट आणि योग्य द्रवाची जोडी जमल्यावर ती आणखी सुधारली. २०१९ साली जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना या कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. स्टॉकहोममध्ये त्यांचे व्याख्यान त्यांच्या वतीने दिले ते अरुमुगम मंथिराम यांनी. मंथिराम हे तामिळनाडूच्या एका लहान गावात वाढले आणि भारतातच शिकून पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले.

भिशीचा हिशोब

आता कोणी म्हणेल, थोडेफार लिथियम वाया गेले तर काय बिघडले? हिशोब करून पाहू. समजा एका भिशीत प्रत्येक वेळी टाकलेल्या रकमेपैकी शंभराला नव्व्याण्णव रुपयेच परत येतात आणि तेवढेच पुढच्या वेळी पुन्हा टाकायचे. एका फेरीत एक रुपयाच गेला, असे वाटते. पण शंभर फेऱ्यांनंतर हाती ३७ रुपयेही उरत नाहीत. हजाराला एकच रुपया जात असेल तर शंभर फेऱ्यांनंतर शंभरातले सुमारे ९० उरतात; पण पाचशे फेऱ्यांनंतर ६०. बॅटरीने हजार फेऱ्या चालून ८० टक्के ताकद राखावी असे वाटत असेल, तर दर फेरीला शंभरातले ९९.९८ लिथियम सुखरूप परत आले पाहिजे.

साध्या कार्बोनेट द्रवात लिथियम धातूला हे मुळीच साधत नाही. तेथे नव्वदीचा पल्ला गाठतानाही दमछाक होते. म्हणून द्रवाची निवड हा येथे आयुष्याचा प्रश्न ठरतो.

कोणता द्रव चांगला?

पहिला मार्ग ईथर कुळातल्या द्रवांचा. लिथियम त्यांना कमी खाते आणि कल्हई गोलसर, जाडसर कणांची बसते. १९९० च्या दशकात इस्रायलच्या तादिरान कंपनीने डायॉक्सोलेन नावाचा ईथर वापरून लिथियम धातूच्या बॅटऱ्या बनविल्या होत्या. बॅटरी फार तापली तर हा द्रव स्वतःच घट्ट होऊन प्रवाह बंद पाडी, ही त्यातली खुबी. पण भरभर चार्ज केल्यास बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटे. शिवाय ईथर अधिक व्होल्टेजच्या प्लस बाजूपुढे टिकत नाहीत.

दुसरा मार्ग चिमूटभर औषधाचा. भाजीत मीठ घालावे तसे द्रवात अल्प प्रमाणात एखादे रसायन घालतात. आरसीएफच्या शेजारी राहणाऱ्या चेंबूरकरांना नायट्रेट हा शब्द नवा नाही. खतात असते त्याच जातकुळीतले लिथियम नायट्रेट ईथरमध्ये घातले की लिथियमवर चांगला पापुद्रा बसतो. लिथियम-गंधक बॅटरीत ते जवळजवळ अपरिहार्य झाले आहे. कार्बोनेट द्रवात फ्लोरिनयुक्त एथिलीन कार्बोनेट घालतात. टूथपेस्टमधला फ्लोराइड जसा दाताचे कवच बळकट करतो, तसा येथे तयार होणारा लिथियम फ्लोराइड पापुद्रा बळकट करतो. पण हे औषध चार्जिंगच्या फेऱ्यांत संपत जाते. ते संपले की दुखणे परत येते.

तिसरा मार्ग गेल्या दहा-बारा वर्षांत पुढे आला. साखर वाढवत नेली की पाण्याचा पाक होतो; तसाच द्रवात क्षार इतका घालावयाचा की द्रवाचा प्रत्येक रेणू लिथियमच्या आयनाला बांधला जावा आणि मोकळा फिरून लिथियमला चावा घ्यायला कोणी उरूच नये. मग पापुद्रा द्रवापासून न बनता क्षारापासून बनतो आणि तो फ्लोरिनने समृद्ध, म्हणजेच जर्मनच्या पातेल्यासारखा असतो. अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेने २०१५ मध्ये असा ‘पाक’ वापरून दर फेरीला ९९.१ टक्क्यांपर्यंत लिथियम परत मिळविले, आणि तेही काट्यांशिवाय. दोष दोन. पाक घट्ट म्हणून आयन संथ चालतात आणि हा क्षार महाग. यावरही युक्ती निघाली. क्षार ज्यात विरघळत नाही असा फ्लोरिनयुक्त पातळ द्रव त्यात मिसळावयाचा. पाकाचे लहान लहान थेंब जसेच्या तसे राहतात, पण एकंदर मिश्रण पातळ होते.

तथापि ९९.९८ चा आकडा अजून दूर आहे. प्रयोगशाळेतल्या नाण्याएवढ्या बॅटरीत, भरपूर द्रव घालून जे साधते, ते कारखान्याच्या मोठ्या बॅटरीत मोजक्या द्रवात साधेलच असे नाही.

द्रवच नको म्हटले तर?

चौथा मार्ग द्रव काढून घनपदार्थ घालण्याचा. सिरॅमिक, गंधकयुक्त काच किंवा प्लास्टिकसारखा पॉलिमर. फ्रान्सचे मिशेल आरमां यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिमरची कल्पना मांडली. तिच्यावर आधारलेल्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या पॅरिसच्या रस्त्यांवर बसगाड्यांतून धावल्याही. मात्र त्या पॉलिमरला काम करण्यासाठी बरेच गरम ठेवावे लागते. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये अशा दोन बसगाड्यांनी पाठोपाठ पेट घेतला. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. पण तेथील परिवहन संस्थेने १४९ बसगाड्या तात्पुरत्या रस्त्यावरून काढून घेतल्या. सिरॅमिक तर दगडासारखे कठीण. तरी त्याच्या बारीक भेगांतून मऊ लिथियम वाट काढते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. तेव्हा द्रव काढला की सगळे प्रश्न सुटतात, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्या आसपास

हे काम फक्त परदेशात चालते असे कोणी समजू नये. चेंबूरहून घाटकोपरमार्गे पवईला गेले की आयआयटीचे फाटक लागते. तेथे ऊर्जाविज्ञान विभागात प्रा. सागर मित्रा आणि धातुशास्त्र विभागात प्रा. अमर्त्य मुखोपाध्याय यांच्या प्रयोगशाळा लिथियम आणि सोडियमच्या बॅटऱ्यांवर संशोधन करतात. पुण्यात आयसर संस्थेतील डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या सहकार्याने केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. सोडियम मिठातून मिळते, स्वस्त आहे. पण त्यालाही योग्य द्रव आणि योग्य पापुद्रा शोधावाच लागतो.

लिथियमचा पत्रा हाताळावयाचा तर आर्गॉन वायूने भरलेली काचेची पेटी लागते. तिला बसविलेल्या रबरी हातमोज्यांत बाहेरून हात घालून काम करतात. जुलैतल्या मुंबईची दमट हवा लिथियमला क्षणभरही मानवत नाही. बॅटरीतला नेहमीचा क्षार, लिथियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट, हाही ओलावा लागताच बिघडतो आणि काचेलाही खाणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार करतो. पेटलेल्या बॅटरीचा धूर इतका घातक का, याचे एक कारण हेच.

हा धातू आपल्या घरातही उगवू शकतो

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कारखान्याने लिथियम धातू बॅटरीबाहेर ठेवला खरा. पण चुकीच्या वापराने तो बॅटरीतच तयार होतो. चार्जर भलताच जोराचा असला, बॅटरी भरल्यावरही चार्जिंग चालू राहिले, तर ग्रॅफाइटच्या घरात आयनांना जागा उरत नाही. मग ते बाहेरच, पृष्ठभागावर, धातूची कल्हई होऊन बसतात. तेच काटे, तोच धोका; आणि भोवती सारा ज्वलनशील द्रव. डायमिथाइल कार्बोनेट तर १८ अंशांच्या आसपासच पेटण्याजोगी वाफ देऊ लागतो. आपल्या मुंबईत त्याहून थंड दिवस असतात किती? बॅटरी तापून ८० ते १२० अंशांच्या दरम्यान गेली की ग्रॅफाइटवरचा पापुद्रा सुटू लागतो, त्यातून आणखी उष्णता निघते आणि मग ती आवरत नाही.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा एक मुलगा प्राणाला मुकला. त्यानंतर केंद्र सरकारने विजेच्या दुचाकींच्या बॅटऱ्यांचे नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक केले. आपल्या सिद्धार्थ कॉलनीत ६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे, खाली दुकान व वर घर असलेल्या जागेत आग लागून एकाच कुटुंबातील सात जण गेले. ती आग स्कूटरच्या बॅटरीची नव्हती. पण खालून धूर आला की वरच्यांना वाट राहत नाही, हे आपल्या घरांचे वास्तव तिने दाखविले. म्हणून पुढील पथ्ये प्रत्येक घरात पाळली जावीत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

१) बॅटरीसोबत आलेलाच चार्जर वापरावा. पिन बसते म्हणून शेजाऱ्याचा चार्जर लावू नये.

२) स्कूटरची बॅटरी दाराशी किंवा जिन्याखाली चार्ज करू नये; बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी. गादी, कपडे, गॅसची शेगडी यांपासून ती दूर ठेवावी आणि सगळे झोपले असताना चार्जिंग करू नये.

३) उन्हातून आल्या आल्या बॅटरी चार्जिंगला लावू नये; आधी निवू द्यावी. पत्र्याच्या छपराखाली दुपारी ती तापते, हे ध्यानात असावे.

४) फुगलेली बॅटरी म्हणजे आतला द्रव बिघडून वायू झाल्याची खूण. ती वापरू नये, दाबू नये, टोचू नये. पावसाच्या पाण्यात बुडालेली किंवा जोरात आपटलेली बॅटरी जाणकाराला दाखविल्याशिवाय चार्ज करू नये.

५) जुने सेल जोडून बनविलेली स्वस्त बॅटरी घेऊ नये. चार्जिंग वेळेवर तोडणारे सर्किट तिच्यात धड असेलच याची खात्री नसते.

६) मोबाइलसारखी लहान बॅटरी पेटली तर मेन स्विच बंद करून भरपूर पाणी ओतावे. तिच्यात लिथियमचा पत्रा नसल्याने पाणी तिला थंड करते. स्कूटरची बॅटरी पेटली तर मात्र तिच्याशी झुंजू नये. मुलाबाळांना घेऊन बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ वर फोन करावा.

७) नाण्यासारखी बॅटरी लहान मुलाने गिळली तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

भंगाराच्या धंद्यातल्या बंधूंना वेगळे सांगणे आहे. लिथियमची बॅटरी हातोड्याने फोडू नका, तांब्यासाठी जाळू नका. ‘संपलेल्या’ बॅटरीतही वीज शिल्लक असते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरास पाठविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तिची आठवण दुकानदाराला करून देण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

शेवटी आमच्या मुलामुलींसाठी एक गोष्ट. लिथियम धातूची, हजार फेऱ्या चालणारी आणि न पेटणारी स्वस्त बॅटरी अजून कोणालाच साधलेली नाही. एका कार्बनच्या आणि दोन हायड्रोजनच्या फरकाने जेथे जगाचा व्यवहार बदलला, तेथे पुढचा योग्य द्रव कोणत्याही प्रयोगशाळेत सापडू शकतो. बारावीला रसायनशास्त्र रटाळ म्हणून सोडून देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे. आणि ज्यांची ओढ हाताच्या कामाकडे आहे, त्यांनी आयटीआयमध्ये बॅटरी व विद्युत वाहनांच्या दुरुस्तीचे शिक्षण रीतसर घ्यावे. आपल्या वस्तीत प्रत्येक गल्लीत बॅटरी आली आहे. ती समजणारा माणूसही प्रत्येक गल्लीत असावयास हवा.